मिल्ट्रीचा मारुती

शर्त लागली बसवंतच्या किराणा दुकानापुढच्या बाकड्यावर, आन् लागली ती माझ्या तोंडामुळं. माझं तोंड म्हणजे बिगर झाकणाचा डबा. गावात कुणाची चप्पल झाडावर टांगलेली दिसली, कुणाच्या कोंबड्याला गुलाल लागला, तर लोक चौकशी करत न्हाईत, सरळ माझ्या घरी येतात. "चंद्रप्पा हाय का?" एवढंच विचारतात.

आषाढातल्या वाऱ्यानं गावची लाईटची डीपी जळाली. खांब लवले, तारा सोयाबीनीत लोळून राहिल्या. साहेब लोक आज येतो, उद्या येतो म्हणायचे. बाकीच्यांना काय, मोबाईल बंद पडला म्हणून शिव्या घालायच्या. पण आमच्या शेजारच्या ग्यानोबामामाची गोष्ट येगळी होती. कोरोनात त्याचं फुफ्फुस बसलं ते पुन्हा उठलंच न्हाई. तवापासून नाकात नळी आन् उशाला हवेची मशीन. लाईट गेली की मामाचा दम गेला. ओठ जांभळे, खांदे वर-खाली, आन् डोळे आपल्याकडं. त्या डोळ्यापुढं माझ्यासारख्याला बी टवाळी सुचायची न्हाई.

मामाच्या पोरानं, सत्यमनं, दावणीचे दोन्ही बैल विकले आन् नांदेडच्या एका भंगारवाल्याकडून मिल्ट्रीच्या लिलावातला डिझेल जनरेटर आणला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते धूड झाडाचा पाला पांघरल्यासारखं हिरवं बसलं होतं. म्हशीएवढं. अंगावर पांढरे आकडे, निम्मे घासून गेलेले. एका बाजूच्या पत्र्याला बोटं घालण्याएवढी भोकं.

"हे पोळ्यापतुर बी टिकत न्हाई," मी म्हणलो. गावातली समदी इंजनं, पाण्याच्या मोटारी मीच खोलतो, म्हणून माझ्या बोलण्याला वजन हाय.

"मिल्ट्रीची चीज हाय ती. तुझ्यावाणी बाजारात पडलेली न्हाई," बसवंत गुळाच्या ढेपीवरच्या माशा हाकत म्हणला.

"मिल्ट्रीनं टाकून दिलीय ती. चांगली असती तर टाकली असती का? शर्त लावतो का?"

"हाव. लावतो."

शर्त काय ठेवायची यावर लई खल झाला. शेवटी बसवंतच्याच डोक्यात किडा वळवळला. "मामाची बैलं गेली. पोळ्याला त्याच्या दावणीला कुणीच न्हाई. मशीन पोळ्यापतुर चालली तर तू मामाचा बैल व्हायचा. झूल, घुंगरं, बाशिंग, समदं. मारुतीभवती फेरा मारायचा. बंद पडली तर मी बैल."

"तुला झूल पुरल का रं? मांडव लागंल."

बाकड्यावरचे समदे हासले. आम्ही टाळी दिली.

मशीन मामाच्या घराला लागून, रिकाम्या गोठ्यात उतरवली. जिथं बैलांचे खुंटे होते तिथंच. सत्यम म्हणला, "काका, शर्त तुमची तुमच्यापाशी. पण चालू करून द्या." आता शर्त जिंकायची म्हणून मी काम खराब करीन असं त्याला वाटलं का काय, म्हणून मी दातओठ खाऊन कामाला लागलो.

टाकी खोलली, तळाला गंजाचा चिखल. डिझेल-फिल्टरमध्ये बारीक रेती, पिवळी, आपल्याकडं मिळत न्हाई तसली. फुंकली तर दातात कचकच आली. पाईपातली हवा काढली, पंप साफ केला, बॅटरीची टोकं घासली. बाजूचा पत्रा उघडला आन् हात थांबला. आतल्या बाजूला, जिथं तोंड नेल्याबिगर दिसायचं न्हाई, तिथं खिळ्यानं कोरलं होतं: सो मत जाना.

अक्षर वाकडंतिकडं. थंडीत हात कापून राहिले असतील तसं. कोण कुठल्या डोंगरावर ह्या मशीनीपाशी रात काढत असंल कुणाला ठाऊक. मी पत्रा लावून टाकला, कुणाला सांगितलं न्हाई. खरं बोलायचं तर मला वाटलं, हे पुढं कवातरी बसवंतला भेव घालायला कामी येईल.

साखरामावशी, मामाची बायको, दाराला टेकून मघापासून बघत होती. मी झाकण काढून इंजनमध्ये ऑईल ओतलं. मावशीनं विचारलं, "एवढं तेल पितंय का रं चंद्रप्पा?"

"मावशे, हा मिल्ट्रीचा मारुती हाय," मी म्हणलो. "वाऱ्याचा लेक. मामाला वारं हाच देणार. ह्याला तेल कमी पडू देऊ नको, न्हाईतर रुसंल."

मावशीनं पदर डोक्यावर घेतला आन् खरंच हात जोडले. मला हासू दाबता दाबता ठसका लागला.

दोन-चार हिसक्यांत मशीन सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग काळा, मग काहीच न्हाई. एका लयीत, जुन्या माणसानं जातं ओढावं तशी. घरात मामाच्या मशीनीचा हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं मामाचे खांदे खाली बसले. बसवंत दुकानातून वरडला, "चंद्रप्पा, शिंगं कुठल्या रंगाची?"

श्रावण लागला आन् झड बसली. दिवसभर भुरभुर, आभाळ घराच्या पत्र्याला टेकलेलं, दुपार कुठली आन् दिवेलागण कुठली कळायचं न्हाई. आन् असल्या एका दुपारी पहिल्यांदा तो वास आला.

तळणाचा. पण सणाचं तळण न्हाई. तेराव्याला अंगणात कढई लावतात, तेल जळाय लागतं, घरातलं कुणी बोलत न्हाई, तसला. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. एकमेकीला विचारून राहिल्या, कुणाच्या घरी कार्य हाय? कुणाच्याच न्हाई. डिझेल भरायला मशीन बंद केली की वास जायचा. सुरू झाली की पुन्हा यायचा. आन् गल्लीतली कुत्री, जी एरवी माझ्या पायात पायात करतात, ती गोठ्याच्या समोर, पावसात, ओळीनं बसायला लागली. भुंकत न्हाईत. नुसती मशीनीकडं तोंड करून बसतात.

"चंद्रप्पा, बंद कर हे सोंग," बसवंत म्हणला. "मेलेल्याचा वास आणतो व्हय? शर्त हारायला लागला म्हणून?"

"मी कुठं काय केलंय?"

"मग कोण करतंय? दुसरं कोण हाय गावात?"

ही माझी बेज्जती बघा. जल्माचा बदनाम माणूस. खरं बोललो तरी लोक हासायच्या तयारीनंच ऐकतात.

आठवड्याच्या आठवड्याला मी मशीन तपासायचो. ऑईलची काडी बाहेर ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा घालायची, तेल कुठवर चढलं ते बघायचं. इंजन तेल खातं. थोडं का व्हईना, खातं. तसं न्हाई झालं. काडी बाहेर काढली तर तेल खुणेच्या वर. मला वाटलं, डिझेल गळून खाली उतरत असंल. पंपाचा पडदा बदलला, वरचं तेल काढून टाकलं. पुढच्या खेपेला पुन्हा वर. आन् रंग? काळं व्हायला पाहिजे, तर हे उजळून राहिलेलं. जित्या माणसाच्या अंगात रगत वाढावं तसं ह्या लोखंडात तेल वाढून राहिलं होतं.

आता मला बसवंतचा वहीम आला. मशीन चालावी म्हणून हाच गुपचूप ऑईल घालत असणार. मी त्याला दुकानात गाठला.

"तू ओततो का रं तेल?"

"कशात?"

"मशीनीत."

बसवंतनं तराजू खाली ठेवला. "चंद्रप्पा, माझी बायको बी त्या गल्लीनं येत न्हाई आता. मी कशाला जातो तिथं?" त्याचा चेहरा बघितला आन् मला कळलं, हा खोटं बोलून न्हाई राहिला. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याचं खोटं लगेच कळतं.

त्याच दुपारी मामाकडं गेलो. मामा उशीला टेकून बसला होता, नळीतून फुसफुस चाललेली. बाहेर मशीनीची लय. मामानं मला जवळ बोलावलं.

"चंद्रप्पा... तू हाका मारतो का रं मला?"

"कवा मामा?"

"डोळा लागला की." मामा दोन शब्द बोलायचा, मधी दम घ्यायचा. "उठ म्हणतंय. झोपू नको म्हणतंय. हिंदीत."

पत्र्याच्या आतलं कोरलेलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामाला तर गोठ्यापतुर चालत जाता येत नव्हतं.

"आवाज कसा हाय मामा?"

"पोरसवदा. थंडीनं दात वाजत्यात त्याचे."

मावशी चहा घेऊन आली. म्हणली, "ह्यांना भास व्हत्यात. आन् तू कामून पांढरा पडलास? बस, चहा घे." मी बसलो. मशीन चालू होती. बशीतल्या चहावर बारीक बारीक लाटा उठून राहिल्या होत्या, आन् मामाची छाती त्याच लयीत हालत होती. त्याच. मी बशी तोंडाला लावली न्हाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. गावभर बैल धुतले, खांद्याला हळद-तूप चोळलं, कानात आवतण दिलं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पाऊस थांबला होता, पण ऊन नव्हतं. पिवळा, आजाऱ्यासारखा उजेड. मी घरी बसून गणित करत होतो, की उद्यापतुर मशीन चालली तर घुंगरं कुणाची मागायची.

तेवढ्यात वास आला. गल्लीभर न्हाई, गावभर. आन् मागून आवाज. आधी मला वाटलं ट्रक आला. मग तो आवाज चढत गेला, चढत गेला, आन् कुत्री पहिल्यांदा उठली आन् पायात शेपट्या घालून पळाली.

मी पळत गोठ्यात गेलो. धुरानं काही दिसत नव्हतं. पांढरा, दाट, डोळ्यात तिखट टाकल्यासारखा. मशीन जाग्यावर उड्या मारून राहिली होती. तिच्या हिरव्या अंगावर, दोन्ही बाजूला, वरच्या कोपऱ्यांवर हळदीचे हात उमटलेले. पिवळेजर्द. पाच पाच बोटं.

"काका!" सत्यम वरडला. "बंद व्हईना!"

"बंद करायची दांडी ओढ!"

"ओढली! हे बघा, ओढलीच हाय!"

मी डिझेलची तोटी बंद केली. मशीन थांबली न्हाई. पाना मारून पाईपच सोडला. डिझेल जमिनीवर सांडलं, शेवटचा थेंब टपकला. मशीन आणखी जोरात पळाली. मी तीस वर्सं इंजनं खोलतो. इंजनला खायला काही नसलं की ते मरतं. हे काहीच न खाता पळत होतं. कुणाच्या जीवावर?

घरात बल्ब पांढराफट झाला आन् फुटला. मावशीची किंकाळी आली. "सत्यम, आधी मामाची पिन काढ! हवेची मशीन जळंल!" मी वरडलो. सत्यम आत पळाला. पिन निघाली. म्हणजे आता मामाच्या नळीत वारं न्हाई.

माझ्या वस्तादानं एकदा सांगितलं होतं: इंजन पिसाळलं तर त्याला डिझेल तोडून उपेग न्हाई, त्याचं वारं कोंडायचं. दोरीवर बैलांची झूल वाळत होती, उद्यासाठी धुतलेली, माझ्यासाठीच. ती ओढली, चौघडी केली, हवा जायच्या तोंडावर लावली आन् वरून जेवायचा लाकडी पाट दाबला. दोन्ही हातांनी. छातीनं.

आन् तिनं ओढलं.

वासरू आचळाला लागतं तसं. पाट, झूल, माझे तळहात, समदं आत खेचून राहिली. पाटाखालून शीळ निघाली, बारीक, माणसाची वाटावी अशी. माझं तोंड त्या पत्र्यापाशी होतं, मशीनीच्या उड्यांनी तो उघडला होता. खिळ्यानं कोरलेली अक्षरं डोळ्याच्या इतक्या जवळ की हालताना जिती वाटत होती. पलीकडं भिंतीच्या आत मामा दम ओढून राहिला होता. मला ते बी ऐकू येत होतं, एवढ्या आवाजात बी. मी एकाचा श्वास दाबत होतो आन् दुसऱ्याचा जात होता. कुणीतरी माझ्या कानाशी वरडत होतं, गळा फाडून: "सो मत जाना! सो मत जाना!"

मशीन दोनदा हिसकली. थांबली.

एवढी शांतता की गोठ्याच्या पत्र्यावरनं गळणारं पाणी ऐकू आलं. मग आतून खोकला. मामाचा. जिता.

"सत्यम," मी म्हणलो, "कोण वरडत होतं रं?"

सत्यम दारात उभा होता. माझ्याकडं बघत होता. "काका, तुम्हीच वरडत होता."

बसवंतनं दुकानातला, तालुक्याहून चार्ज करून आणलेला इन्व्हर्टर गाडीवर घालून आणला. बॅटरी जुनी, पण हवेची मशीन तिच्यावर सुरू झाली. मामाला पालथं निजवलं, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. इन्व्हर्टर मधून मधून टीं करायचा. प्रत्येक टीं ला मावशी दचकायची.

मी काडी ओढली. तेल काडीच्या मुठीपतुर. बोटावर घेतलं, नाकाला लावलं. आन् मग जिभेला.

करडीचं.

घाण्याचं करडीचं तेल, बसवंतच्याच दुकानातलं.

"मावशे," मी हळूच विचारलं. "ह्याच्यात तेल कुणी घातलं?"

"मीच की," मावशी म्हणली, जशी काय देवाला फूल वाह्यलं. "दर शनिवारी मारुतीला जाताना आधी ह्याला घालते. आज खांदेमळणी, म्हणून तांब्याभर घातलं. हळद लावली, आवतण दिलं. आता दावणीला दुसरं कोण हाय?" मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा आवाज उतरला. "तूच म्हणला व्हतास ना रं. तेल कमी पडू देऊ नको म्हणून. वाऱ्याचा लेक म्हणून."

बसवंत हासणार होता. त्याचं तोंड उघडलं होतं. पण माझ्याकडं बघून त्यानं ते मिटलं.

सगळा हिसाब लागला. भरून वर आलेलं तेल नळीवाटं हवेच्या तोंडात जात होतं, इंजन तेच जाळत होतं. म्हणून तळणाचा वास, म्हणून डिझेल तोडलं तरी पळापळ. माझ्या चेष्टेनं मामाचा जीव घेतलाच होता जवळजवळ.

"चंद्रप्पा," बसवंत हळू म्हणला, "हे पुन्हा चालू झालं न्हाई तर शर्त तू जिंकलास."

"खामोश बस आन् रिकामं कॅन आण."

खालचा नट सोडला. पिवळं तेल भसाभसा निघालं, कोमट, संपता संपेना. डिझेल घालून आतून धुतलं, पुन्हा सोडलं. वारं जायची नळी काढली, तिच्यात तेल साचून चीक झालेला, तो खरवडला. पाईप जोडला. माझ्या घरी असंल तेवढं नवं ऑईल घातलं, काडीच्या खुणेला टेकेपतुर, थेंब जास्त न्हाई. बसवंतचा सदरा काळा झाला. तो पाना द्यायचा, मी मागायच्या आधी. इन्व्हर्टरचा टीं आता एकसारखा वाजून राहिला होता.

"सत्यम, पाट घेऊन उभा राहा. पिसाळली तर दाबायचं."

"काका, पाट तुम्हीच धरा. तुम्हाला जमतं."

"मग तू बटन दाब."

हिसका. हिसका. काहीच न्हाई. आतून मावशी म्हणली, "ते बंद पडलं रं!" इन्व्हर्टर गप झाला होता. मी तळहात मशीनीच्या पत्र्यावर ठेवला, हळदीच्या पंजावर. काय म्हणलो ते कुणाला सांगणार न्हाई. सत्यमनं पुन्हा बटन दाबलं.

सुरू झाली. एका लयीत. जात्यासारखी. नुसता डिझेलचा वास. एवढा साधा, घाण वास मला कधी इतका गोड लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोळा. मशीन चालू होती, म्हणजे मी बैल.

बसवंतनं माझ्या कानांना शिंगं समजून लाल हिंगूळ फासला, डोक्यावर बाशिंग बांधलं, गळ्यात घुंगरमाळ. अंगावर तीच झूल. मधोमध दोन तळहात काळेकुट्ट उमटलेले, धुऊन बी गेले न्हाईत. हलगी लागली. गावातली खरी बैलं पुढं, मी मागं, दोन्ही हात जमिनीला टेकत, मधून मधून ढुशी मारत. बायकांनी पदरात तोंड लपवलं. लेकरं माझं दोरीचं शेपूट ओढायची. "हाक चंद्रप्पाला! हाक!" मी बसवंतच्या धोतराला शिंग लावलं, तो चिखलात बसला, आन् सगळा गाव खदखदला. मारुतीभवती फेरा मारला. मग रिवाजापरमाणं बैल ज्याच्या त्याच्या घरी.

मामा ओट्यावर खुर्चीत बसला होता. नाकात नळी, ती आत हवेच्या मशीनीपतुर गेलेली. मावशी ताट घेऊन आली. मी म्हणलो, "मावशे, माझे पाय नको धुऊ." ती म्हणली, "गप. बैल बोलत न्हाई." तिनं पाणी घातलं, कुंकू लावलं, खांद्यावर हळद-तूप चोळलं. तिच्या हाताला कालच्या तेलाचा वास अजून होता. पुरणपोळी माझ्या तोंडात कोंबली.

एक ताट तिनं गोठ्यात नेऊन मशीनीपुढं ठेवलं. आवतण दिलं होतं ना.

मामानं दावणीवरचा जुना आसूड हातात घेतला होता. मारण्यासाठी न्हाई, नुसता धरलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, लई वेळ. आन् विकलेल्या बैलाचं नाव घेतलं. "हिऱ्या. मागं सर."

आन् माझे पाय मागं सरले. मी सरवले न्हाईत. सरले. थेट खुंट्यापाशी.

लोक हासून राहिले. तेवढ्यात वारं फिरलं आन् वास आला. तळणाचा. पोळ्याला घरोघरी कढई असते, त्याचाच असंल. मी तसंच धरलंय.

"झोपला रं तो," मामा म्हणला.

"कोण, मामा?"

मामानं आसुडाचं टोक गोठ्याकडं केलं. "रात्री हिंदीत हाक न्हाई मारली. पहाटंला म्हणला, आता तू बस जागा, मी पडतो जरा."

तो झोपला, तरी गोठ्यात मशीन चालूच होती. तशीच, जात्यासारखी. सगळे माझ्याकडं बघून राहिले होते, की आता चंद्रप्पा काय सोंग करतो. माझ्या गळ्यातली घुंगरं त्याच लयीत वाजत होती आन् मी तर हाललो बी नव्हतो.

मी मान वर केली आन् जेवढा दम होता तेवढा लावून हंबरलो.